टेबलाची उंची

पुंडलिकने गुडघे वाकवले, दोन्ही तळवे जॉइंटरच्या टेबलावर टेकवले आणि मान हलवली.

"उंच हाय."

"बाबा, तुमी वाकताय म्हणून उंच लागतंय," अंकुश म्हणाला. "सरळ उभे राहा की."

बोईसरच्या त्या गाळ्यात कारखान्यांतून आलेली जुनी मशीनं दाटीवाटीने उभी होती. म्हातारा प्रत्येक जॉइंटरसमोर, म्हणजे फळ्यांच्या कडा तासायच्या मशीनसमोर, जाऊन हेच करत होता. पाती बघत नव्हता, मोटर बघत नव्हता. गाळ्याचा मालक दर्पणभाई आधी हसला. मग त्याने चहा सांगायचं रद्द केलं. घेणारं गिऱ्हाईक आणि हात लावून जाणारं गिऱ्हाईक त्याला दारातच कळायचं, आणि हे दुसऱ्यातलं होतं.

अंकुशला घाई होती. थोरला भाऊ धीरज गेला त्याला वर्ष होत आलं होतं. उमरोळीच्या शेडमध्ये धीरज गिटारी बनवायचा. ती शेड आता आपली, हे अंकुशने धरून चाललं होतं आणि नात्यातल्या लोकांनीही. पुंडलिक त्यावर काहीच बोलला नव्हता. न बोलणारा माणूस आपल्याच बाजूचा, असं ज्याला त्याला वाटत असतं. राहिली वहिनी, तर तिला पाम गावात माहेर होतं. हा हिशेबही अंकुशने परस्पर मिटवून टाकला होता.

ती वहिनी, सपना, दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. सासरा 'चल' म्हणाला म्हणून आली होती. मशीन आलं की अंकुश शेडमध्ये येणार आणि अंकुश आला की आपण बाहेर, एवढं तिला कोणी न सांगता समजलं होतं.

खरं नवल होतं ते पुंडलिक मशीन घ्यायला निघाला याचं. त्याने जन्मभर सातपाटीला होड्या बांधल्या त्या हातरंध्याने. गिटारचं तोंड, म्हणजे पुढची बाजू, दोन पातळ फळ्या शेजारी शेजारी जोडून होतं. फळ्यांच्या कडा अशा तासायच्या की जोडून उजेडासमोर धरल्या तर मधून केसाएवढी रेघ दिसता कामा नये. धीरजने त्यासाठी एकदा जॉइंटर मागितला होता. "हात झडले काय तुझे?" एवढं विचारून बापाने आपला रंधा त्याच्यापुढे ठेवला होता.

तो रंधा म्हणजे त्या घरातला देव. त्याला बाईचा हात लागायचा नाही, अशी पुंडलिकच्या आज्यापासूनची रीत. सपनाने घासकाम करावं, पॉलिश करावं, तारा चढवाव्यात. रंधा नुसता बाजूला सरकवायचा झाला तरी नवऱ्याला हाक मारावी. धीरज गेल्यावर पुंडलिकने तो धुतल्या कापडात गुंडाळून शेडमधल्या फडताळावर ठेवून दिला. गिटारी मात्र सपनाच्या हातून निघत राहिल्या. धीरजने जोडून ठेवलेल्या फळ्या बऱ्याच असाव्यात. पोरगा पुढची तयारी करून गेला, असं लोक म्हणत आणि हळहळत.

"हा घ्या बाबा." अंकुशने एका थोराड जॉइंटरवर थाप मारली. "मोठा कारखाना बंद झाला तिथला हाय. माझ्या बरोबर कमरेला येतोय बघा."

"काका, ये तो हाथी है," दर्पणभाई म्हणाला. "तुमच्या नातवापर्यंत चालेल."

पुंडलिक त्या हत्तीला वळसा घालून कोपऱ्यात गेला. तिथे एक बुटका जॉइंटर धूळ खात उभा होता. त्याने गुडघे वाकवले. तळवे टेकवले. खांदे न उचलता हात पुढे-मागे सरकवून पाहिले.

"हा," तो म्हणाला.

"हा?" अंकुशला हसावं की रागवावं कळेना. "बाबा, हा माझ्या मांडीला लागतोय. वाकून वाकून माझी कंबर जाईल."

"तुझी कशाला जाईल?" पुंडलिकने गुडघे सरळ केले. "सपना, इकडं ये. उभी राहा हितं."

सपना आली. उभी राहिली. टेबल तिच्या हाताखाली असं आलं, जसं कोणी तिचं माप घेऊन केलं असावं.

अंकुश दोघांच्या मध्ये आला. "बाबा, आपल्या घरात बाई..."

"रंध्याला हात लावत नाय. आमच्या आज्याने सांगितलं ते रंध्याचं. हे मशीन त्याने बघितलंबी नव्हतं."

सपनाने तळवे उचलले नव्हते. गप्प राहिली असती तर शेड तिची झालीच होती.

"बाबा," ती म्हणाली, "रंध्याला माझा हात लागलाय. फळ्या त्यांनी जोडून ठेवलेल्या नव्हत्या. एकपण नाय. मी दार लावून करायची, आणि परत तसाच गुंडाळून ठेवायची."

अंकुशने बापाकडे पाहिलं. आता काय होणार ते त्याला माहीत होतं, आणि त्याला ते हवंही होतं.

पुंडलिक मशीनवरची धूळ हाताने पुसत राहिला. वर न बघताच त्याने विचारलं,

"आणि त्या रंध्याच्या पात्याला धार आपोआप येत होती, असं वाटलं काय तुला?"

त्याने हातावरची धूळ झटकली.

"आता ह्याच्यावर कर," तो म्हणाला. "दार उघडं ठेवून."