उजवा डोळा

डॉक्टरीणबाईंनी अनुजाच्या रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. "अ जीवनसत्त्व फारच कमी आहे. औषधानं डावा डोळा वाचेल. उजव्यावरचा पांढरा डाग मात्र आता जायचा नाही."

"ऑपरेशन करा की, बाई. म्हशी इकतो," सयाजी म्हणाला. राधानगरीहून पहिल्या गाडीनं तो लेकीला घेऊन कोल्हापूरला आला होता.

"म्हशी विकून काय होणार? संध्याकाळी हिला दिसेनासं झालं, तेव्हाच तपासणी करायला हवी होती. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

सयाजीनं मान खाली घातली. सहा महिने दिवस मावळला की पोर उंबऱ्याला अडखळायची, आणि तो खेकसायचा, "बघून चाल की, भवाने!"

बापाचा चेहरा पडलेला बघून अनुजाच त्याच्या मदतीला धावली. "आप्पाच्या ध्यानात येतंय की, बाई! आमचं रेडकू सांजचं गोठ्यातल्या खांबाला दोनदाच धडकलं, तर आप्पानं लगीच जनावरांचा डॉक्टर आणला. त्येचं दोन्ही डोळं चांगलं हायत."