आईची वाक्यं

काचेपलीकडे मुलगा येऊन बसला, तेव्हा आईला आधी वाटलं, भलत्यालाच आणलंय. नऊ महिने एकांत कोठडीत काढून तो निम्मा झाला होता.

त्याचे वडील जाऊन तीन आठवडे झाले होते. कारागृहाचा शिपाई म्हणाला होता, चिठ्ठी लिहून द्या, आत पोचवतो. तिनं साफ नाही म्हटलं. "चिठ्ठी वाचून तो बघणार कुणाकडे? आत भिंतींशिवाय आहे कोण? मीच सांगेन." मग मुलाखतीच्या परवानगीसाठी कचेरीत खेटे घातले, आणि आज वीस मिनिटं पदरात पडली होती.

तिनं फोन कानाला लावला. काय बोलायचं ते घरूनच जुळवून आणलं होतं.

"आई, कशी आहेस?" त्यानं विचारलं. ती तोंड उघडणार, तोच तो पुढे म्हणाला, "मला काय धाड भरलीय! केस बघ किती वाढलेत तुझे. न्हावी संपावर गेलाय का?"

आईला हसूच फुटलं. ती अगदी हेच म्हणाली असती.

"जेवतोस ना वेळेवर?" हेही तोच म्हणाला. "जेवतो गं. आणि तुझा गुडघा?" "दुखतोय आपला. सोबत आहे तेवढीच."

आता तिला हसू येईना. तो तिच्याकडे बघतही नव्हता. तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे बघून बोलत होता.

"अरे, माझं ऐक जरा..."

तो थांबला. रस्त्यावरून गाडी जाईपर्यंत माणूस बोलायचा थांबतो, तसा. ती गप्प झाल्यावर त्यानं पुढे सुरू केलं.

"रोज चालतं हे," तिच्या मागं उभा असलेला शिपाई हळूच म्हणाला. "त्याचंही तोच बोलतो, तुमचंही तोच. पहिल्यांदा आम्हाला हसायला यायचं."

"आणि बाबा?" मुलानं विचारलं. "ठणठणीत! माझ्याशी भांडायला बरा जोर येतो अंगात." एवढं बोलून तो मनापासून हसला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याचा चेहरा आपल्या मुलाचा वाटला तिला.

सांगूच नये का? राहू दे त्याला तेवढं एक. पण आज ती तशीच परतली, तर उद्या कुणीतरी दाराच्या फटीतून कागद आत सरकवणार, आणि तो ते एकट्यानं वाचणार. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं उरली होती.

तिनं काचेवर बोटांनी जोरात टकटक केली. तो दचकला आणि सरळ तिच्याकडे बघू लागला.

"बाबा गेले रे," ती म्हणाली. "झोपेतच गेले. त्रास नाही झाला काही. तुझं नाव घ्यायचे रोज."

तिनं तळहात काचेला लावला. त्याचे ओठ हलले, पुन्हा मिटले. तिला वाटलं, आता रडेल. रडू दे, आपण समोर आहोत.

"नाही आई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "इथं तू 'ठणठणीत' म्हणतेस."

आणि ती म्हणेल म्हणून तो थांबून राहिला.