बोलपटाचा पहिला खेळ

"ही छडी आता घरी न्या, तात्या," थिएटरचे मालक म्हणाले. "बोलपट आलाय. आता पडदाच बोलणार."

बारा वर्षं तात्या करमाळकर त्या छडीच्या जोरावर बार्शीच्या पत्र्याच्या थिएटरात मूकपट समजावून सांगत आले होते. पडद्यावर अक्षरं उमटली की तात्या छडी रोखत आणि राजाचं, राणीचं, राक्षसाचं बोलणं खणखणीत आवाजात सांगत. बायका पदरानं डोळे पुसत. आज मालकांनी मान म्हणून त्यांना आणि त्यांच्या पत्नी सुभद्राकाकूंना पुढच्या दोन खुर्च्या दिल्या होत्या. तात्यांनी छडी मांडीवर आडवी ठेवली.

दिवे मालवले. पडद्यावरचा राजा खरंच बोलला आणि सगळं थिएटर शहारलं. पण राजा बोलत होता अस्सल उर्दू. पाच मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी कडाडली, "ह्यो मुडदा काय बरळतोय? आमचं तात्या कुठं हाईत? त्यांना सांगू द्या की!"

पाठोपाठ सगळेच ओरडू लागले. मालक धावत आले. त्यांनी राजाचा आवाज बंद करायला लावला आणि तात्यांपुढं हात जोडले.

तात्या छडी घेऊन उठले. काकूंनी घाबरून त्यांच्या उपरण्याचं टोक ओढलं. "अहो," त्या कुजबुजल्या, "तुम्हाला उर्दूतलं ओ की ठो कळत नाही!"

"मग?" तात्या गालात हसले. "बारा वर्षं मला वाचता तरी कुठं येत होतं?"