ईशान्येचं स्वयंपाकघर

दीपमालाने पडदा बोटभर बाजूला केला. फाटकाबाहेर रिक्षा थांबली होती. आधी एक म्हातारे गृहस्थ उतरले, मग नऊवारीतल्या बाई. बाईंच्या हातात कागदाची सुरळी होती. तो कागद म्हणजे तिच्या हॉलचा फोटो असणार.

तयार ठेवलेलं वाक्य तिने मनात पुन्हा म्हणून पाहिलं. ‘अहो, वेबसाइटवर टाकताना फोटो उलटा झाला वाटतं.’ सहज म्हणायचं. हसून.

फोटो उलटा झाला नव्हता. तिने केला होता.

वर्षभर घर विकलं जात नव्हतं. सिन्नरचा कारखाना बंद पडल्यावर तिच्या नवऱ्याला, महेशला, बडोद्याला नोकरी धरावी लागली, आणि नाशिकचं घर विकल्याशिवाय तिकडे घर घेणं शक्य नव्हतं. तो महिन्यातून एकदा यायचा. अलीकडे सायली बापाच्या फोनवर यायची बंद झाली होती. “बाबांना सांग, मी झोपले,” असं ती सातलाच सांगून टाकायची. या जूनमध्ये तरी तिला तिकडच्या शाळेत घालायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. एप्रिल निम्मा सरला होता.

वेबसाइटवरचे पहिले फोटो काळपट होते. दीपमालाने ते पुन्हा काढले. सकाळचं ऊन हॉलमध्ये येण्याची वाट पाहिली. दोरीवरचे कपडे उतरवले, सोफ्याला धुतलेल्या खोळी घातल्या, भिंती तिरक्या दिसू नयेत म्हणून कॅमेरा छातीच्या उंचीवर धरला. फोन यायला लागले. पण प्रत्येक फोन एकाच जागी येऊन अडायचा. दार पूर्वेला, आत शिरल्यावर स्वयंपाकघर उजव्या हाताला, म्हणजे ईशान्येला. “देवाच्या कोपऱ्यात चूल? नको बाई.” तेच स्वयंपाकघर डाव्या हाताला असतं, तर ते आग्नेयेला आलं असतं आणि कुणाची काही हरकत उरली नसती.

संगणकात त्यासाठी एक बटण होतं.

दीपमाला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. आरशात काय काय उलटं दिसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने घड्याळ उतरवलं. कॅलेंडर उतरवलं. पुस्तकांचं कपाट रिकामं केलं, कारण पुस्तकांच्या पाठीवर अक्षरं असतात. पंखा मात्र चालू ठेवला. फिरत्या पात्यांना फोटोत डावं-उजवं उरत नाही. नव्याने फोटो काढला आणि मग ते बटण दाबलं.

महेश फोनवर हसला होता. “मास्तरीणबाई, आता आरसे विकायला लागलात?”

“लोक आत तर येऊ देत. एकदा हवा-उजेड पाहिला, की कोपरे कोण मोजतंय?”

“आणि मोजलेच तर?”

तिने विषय बदलला होता.

बेल वाजेना. बाहेर पाण्याचा आवाज येत होता. तिने दार उघडलं. दोघांनी चपला फाटकाजवळच काढल्या होत्या आणि पायरीशेजारच्या नळावर ते पाय धूत होते.

“अहो काका, राहू द्या. फरशी काही इतकी स्वच्छ नाही.”

“असू द्या, ताई. म्या खंडेराव, मखमलाबादचा. फोन केला व्हता. ही आक्काबाई, आमची मंडळी. शेवंतीचा मळा हाय आमचा. पोरगं मस्कतला असतं, त्यानं नेटवर बघून फोटो धाडला.” त्यांनी उपरण्याने पाय पुसले. “लय घरं पाहिली बघा. फोटोत येगळं, घरात येगळं. एका फोटोत गॅलरीतून झ्याक बाग दिसत व्हती. जाऊन बघतो तर बाग शेजाऱ्याची, अन् मधी भिंत!”

“त्या भिंतीचा फोटू नाय काढला मेल्यानं,” आक्काबाई म्हणाल्या.

दीपमाला हसली. हसू तोंडावर नीट बसलं नाही. तिने ते वाक्य जिभेवर आणून ठेवलं.

“तुमचं घर मातूर बघायच्या आधीच ठरवलं,” खंडेराव म्हणाले. “पोराला सांगून टाकलं, इसार देऊनच येतो. हिनं सांगितलं म्हनून.”

आक्काबाईंनी सुरळी उलगडली. फोटो चांगला मोठा करून काढलेला होता. त्यांचं बोट स्वयंपाकघराकडे गेलं आणि दाराच्या वर थांबलं.

“ह्यो बघून. उजव्या सोंडेचा गनपती घरात ठेवायला छाती लागती, ताई. लय कडक त्याचं सोवळं. जरा चुकलं तर सोसत नाय. म्या ह्यांना म्हनलं, असा देव सांभाळनारी मानसं आपल्याला फसवायची नायत.”

दीपमालाने त्या बोटाखाली पाहिलं. तळहाताएवढी चिनी मातीची फरशी. घर बांधताना गवंड्यानेच ती दारावर बसवली होती. रोज तिच्याखालून जाऊन-येऊन दीपमालाला ती दिसेनाशी झाली होती.

तयार वाक्य अजूनही चाललं असतं. फोटो उलटा झाला, त्यात सगळंच उलटं झालं. या दोघांनी त्यावरही विश्वास ठेवला असता. सायलीची शाळा तेवढ्या एका वाक्यावर होती. दीपमालाने तोंड उघडलंही.

आक्काबाईंनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि ओलं पाऊल पायरीवर ठेवलं.

“मावशी, थांबा,” दीपमाला म्हणाली. “आमचा गणपती डाव्या सोंडेचा आहे. फोटो मी उलटा केलाय.”