खांबाचे आभार

गोलच्या खांबाला लागून चकती परतली, की गोलकीपरने खांब थोपटून आभार मानायचे, ही बर्फावरच्या हॉकीतली रीत. वीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात ओरेस्टनेही लाईलच्या फटक्यानंतर खांब थोपटला होता. मोठ्या संघाने कधी बोलावलं नाही, पण त्या सामन्यात जिंकलेल्या चषकाच्या पुण्याईवर गावाने त्याला रेडिओवर समालोचनाला बसवलं. शेजारी सहसमालोचक म्हणून तेव्हा हरलेला लाईल. आजच्या सामन्यात चकती गोलात शिरून क्षणात बाहेर उसळली. पंचाला कळलंच नाही. गोलकीपरने मात्र खांब थोपटला नाही. जाळ्याकडे बोट दाखवलं. “याला म्हणतात गडी!” लाईल ओरडला. “माझी चकती खांबालाच लागली, नशीब माझं! तू थोपटलास म्हणून गप्प बसलो. खांबाशी कुणी खोटं बोलतं का, लेका?” ओरेस्टला मान वर करवेना. आपला माइक तळहाताने झाकून तो पुटपुटला, “तीही आत गेली होती.” लाईलचा माइक चालूच होता.