डाव्या चाकाचे पाच नट

‘उजवं चाक गुणाचं गं, सरळ त्याची रीत;
डावं चाक रुसूबाई, उलट्यावर प्रीत!’

लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ट्रेलरखाली उताणा पडून दादा हे गाणं म्हणायचा. स्वतःच जुळवलेलं. डाव्या चाकाच्या नटांचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवले तरच आवळतात, एवढंच त्याला हाताखाली काम शिकणाऱ्या धाकट्या भावाच्या डोक्यात भरायचं होतं. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. गाणं अजून धाकट्याच्या कानात होतं. दादाच्या तोंडून मात्र ते पुन्हा कधी आलं नव्हतं.

आता धाकट्याच्या शेडमध्ये त्याच जातीचा ट्रेलर उभा होता. दोन चाकांचा, पत्र्याच्या टबासारखा, भंगारातून उचलून आणलेला. तीन वर्षं खपून धाकट्याने तो कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा केला होता. मिळताजुळता स्क्रू चालायचा नाही, नवी कडी चालायची नाही. जे बसवायचं ते त्याच काळातलं, त्याच बनावटीचं. बायको म्हणायची, “माझ्या आजारपणात औषधासाठी एवढे हिंडला नाहीत हो!”

पारख दादाची. तो स्टुलावर डोळे मिटून बसायचा. धाकटा एकेक भाग त्याच्या तळहातावर ठेवायचा. दादा तो चाचपायचा, पत्र्यावर वाजवून बघायचा आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नव्हतं. पाना मात्र त्याने तीन वर्षांत एकदाही हातात धरला नव्हता. तीन वर्षांतच कशाला, त्याने बसवलेलं एका ट्रेलरचं चाक निखळलं, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्याने वर्कशॉपच्या फाटकावर बसून हजेऱ्या घेतल्या होत्या. घरातला बल्बसुद्धा तो शेजाऱ्याकडून बसवून घ्यायचा.

आज शेवटचे पाच नट आले होते. डाव्या चाकाचे.

दादाने पाचवा पत्र्यावर वाजवला. कान देऊन ऐकला.

“अस्सल. कुठून पैदा केलेस रे, चिमण्या?”

अडुसष्ट वर्षांच्या माणसाला चिमण्या म्हणणारं आता हे एकच तोंड उरलं होतं.

“एकाच्या खुराड्याच्या गाड्याला लावलेले होते.”

“मग कोंबड्या सलाम ठोकत असतील!”

दोघं हसले. हसता हसताच धाकट्याने चाक चढवलं, नट बोटांनी फिरवून बसवले आणि पाना दादापुढे धरला.

“आवळ.”

“तू आवळ.”

“तुझा मान आहे, दादा.”

दादाने दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले, छडी चुकवणाऱ्या पोरासारखे.

“हा हात भरवशाचा नाही, चिमण्या. त्या दिवशी पाचही नट आवळले, असंच मला वाटलं होतं. छातीवर हात ठेवून सांगितलं साहेबांना. आणि उतारावर चाक निघून गेलं. कुणी मेलं नाही, हे नशीब. अजून डोळे मिटले की एकेक नट आवळत बसतो मी. पण तेव्हा आवळले असते, तर चाक निघालं कशाला असतं? तूच सांग.”

उन्हाने तापलेला छपराचा पत्रा टकटक वाजत होता. ट्रेलर पुरा झाला, दादाने नुसता पाना धरला, की बाकीचं न बोलताच नीट होईल, असं धाकट्याला तीन वर्षं वाटत आलं होतं. तेवढ्यासाठीच तर हे भंगार घरी आणलं होतं.

तो दादाच्या पायांशी जमिनीवरच बसला. पाना मांडीवर आडवा ठेवला.

“तू आवळले होतेस, दादा.”

“तुला काय ठाऊक?”

“तू चहाला गेलास. मला वाटलं, आपणही काहीतरी करून दाखवावं. मी एकेका नटाला वरून झटका दिला. उजव्या चाकाला दिला, तसाच डाव्याला. उजवीकडे.”

दादाने डोळे उघडले.

“ते चटकन फिरले,” धाकटा म्हणाला. “मला वाटलं, दादाने सैलच ठेवलेत. आणि तोंडाने मी तुझंच गाणं म्हणत होतो.”