आबांचा कान

"पण आबांनी ऐकलं का?" रोपवाटिकेच्या बाईंनी विचारलं.

धाकट्या मिस्त्रीने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. पाच मिनिटं तो त्यांच्या गाडीचं इंजिन ऐकत होता. शिलाई मशीन चालावी तशी टिकटिक, आणि रेस दिली की टिकटिकही पळायची. तेल बघून झालं होतं, पातळी बरोबर होती. म्हणजे व्हॉल्व्हचा टॅपेट ढिला झालेला. नेमका कुठला, तेही त्याला कळलं होतं.

"नाही अजून," तो म्हणाला.

"मग ऐकू दे ना त्यांना. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो. पण आबांचा कान तो आबांचा कान."

बेचाळिशीचा घोडा झाला, कानशिलांवरचे केस पिकले, तरी गिऱ्हाइकांच्या लेखी तो धाकटाच. वीस वर्षं ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालायचे त्याने, आणि शाबासकी जायची खुर्चीत बसलेल्या बापाला. पूर्वी याचा राग यायचा. आता रागावण्याचंही त्राण नव्हतं, नुसता हाडांत मुरलेला शीण होता.

त्याच्या खिशात आठ दिवसांपासून एक पत्र होतं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरची नोकरी. ठरलेली वेळ, रविवारी सुट्टी. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बायको एका पायावर तयार होती. आबा मात्र गॅरेज सोडून कुठे येणार नव्हते, आणि गॅरेज बंद पडलं तर ते फार दिवस काढणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. पान्हे फिरवायला पगारी माणूस मिळतो हो. दुखणं ओळखणारा कुठून आणायचा? आबांचा कान शाबूत असेल, तरच धाकट्याला जाता येणार होतं.

म्हणून आज त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. एरवी त्याच्या तोंडून काहीतरी निसटून जायचं, 'मागे वाटतंय', 'पुढे वाटतंय' असलं. आज ब्रसुद्धा काढायचा नव्हता.

"आबा," त्याने हाक मारली. मग पुन्हा मारली. शेवटी जाऊन खांद्याला हात लावला. "त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं," असं बायको म्हणायची, पण सासऱ्यांबद्दल कुठली सून असं म्हणत नाही?

आबा सावकाश उठले. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनच्या कव्हरवर टेकवलं, मूठ कानाशी धरली. समोर धाकटा उभा होता. नेहमीसारखी त्याच्यावर नजर ठेवून आबा एकेक जागा चाचपत निघाले. एक नंबर. दोन नंबर. तीन नंबरवर थांबले, चारवर गेले, पुन्हा मागे आले. धाकट्याने दात घट्ट आवळून धरले होते.

"तीन नंबर. एक्झॉस्ट," आबा म्हणाले. "आणि तू तोंड का असं केलंयस?"

"कुठे काय."

"बघा, मी म्हणत नव्हते?" बाई म्हणाल्या. पाचला येते म्हणून त्या निघून गेल्या.

इंजिन गार झाल्याशिवाय टॅपेटची फट मोजण्यात अर्थ नसतो. बापलेकांनी डबे खाल्ले. तीनच्या सुमारास धाकट्याने कव्हर उघडलं. पान्ह्याने इंजिन थोडं थोडं फिरवत तो एकेका व्हॉल्व्हपाशी मापाची पाती सरकवत गेला. आठांपैकी सात ठिकाणी पाती घासून, मापात गेली. तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मात्र दुप्पट जाडीची पातीही ढिली गेली.

म्हाताऱ्याने पुन्हा एकदा बरोबर सांगितलं होतं, तेही धाकट्याने अवाक्षर न सुचवता. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली.

हात पुसून तो मागे टायरांच्या ढिगाशी गेला आणि त्याने फोन लावला. "हो, नक्की. सोमवारी हजर होतो." मग बायकोला कळवलं.

"सुटलो बाई एकदाचे," ती म्हणाली. "आबांना नीट सांगा. तोडून बोलू नका."

त्याने स्क्रू फिरवून फट मापात आणली, लॉकनट आवळला, पाती पुन्हा घालून बघितली, कव्हर बसवलं. पावणेपाच वाजले होते. आबांनी खुर्ची गाडीसमोर ओढून घेतली. निकाल त्यांनीच द्यायचा, हा गॅरेजचा रिवाज.

"चालू करतो. ऐका," धाकटा त्यांच्यासमोर वाकून म्हणाला.

आबांनी मान तिरकी केली आणि डोळे मिटले.

तो गाडीत जाऊन बसला. उघड्या बॉनेटमुळे समोरचं काही दिसत नव्हतं, आणि ते बरंच होतं. सांगायचं कसं? 'आबा, मी सोमवारपासून' इथपर्यंत वाक्य जुळायचं आणि पुढे घोडं अडायचं. तुमचा कान आहे म्हणून जातोय, असं सांगावं का? ते खोटंही नव्हतं. ऐकून म्हाताऱ्याला बरंच वाटेल. तो तसाच सीटवर बसून राहिला.

बॉनेटपलीकडून आबांचा समाधानी आवाज आला.

"वा. गेली बघ टिकटिक. आता कसं गुमान चालतंय. लाव बाईंना फोन, घेऊन जा म्हणावं गाडी."

धाकट्याने खाली बघितलं. किल्ली अजून त्याच्या हातातच होती.